तेरा किलोचं लोखंड गाडीत कुठे बांधायचं?

मागच्या भागात आपण विंच आणि तिच्या दोराबद्दल बोललो. तेव्हाच मी म्हणालो होतो की हाय-लिफ्ट जॅकसाठी एक वेगळा भाग करू. हा जॅक वापरायचा कसा यावर बोलणारे पुष्कळ आहेत. पण तो गाडीवर बसवायचा कुठे, बांधायचा कसा आणि दोन वर्षं न वापरता ठेवला तर त्याचं काय होतं, हे फारसं कोणी सांगत नाही. मी हे स्वतःच्या चुकीतून शिकलो, म्हणून आज चुकीपासूनच सुरुवात करतो.

ज्यांनी हा जॅक पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. कमरेच्याही वर येणारी, भोकं पाडलेली लोखंडाची एक उभी पट्टी. तिच्यावर चढत जाणारं एक ओतीव यंत्र, त्याला पुढे एक नाक आणि मागे लांब नळीचं हँडल. हँडल खाली दाबलं की यंत्र एक भोक वर चढतं. दोन पिना आळीपाळीने भोकांत शिरतात आणि वजन पेलतात. यंत्राच्या बाजूला एक छोटी कळ असते. ती वर असली की यंत्र चढतं, खाली केली की उतरतं. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ब्लूमफिल्ड गावी १९०५ साली हे अवजार निघालं, आणि ते शेतकऱ्यांसाठी होतं. कुंपणाचे खांब उपटा, रुतलेली गाडी उचला, तारा ताणा. पुढे जीपवाल्यांनी ते उचललं. क्षमता साधारण दोन टन. ३६, ४२, ४८ आणि ६० अशा इंचांत मिळतो. आपल्याकडे बहुतेक जण घेतात तो ४८ इंची, म्हणजे १२२ सेंटिमीटर लांब आणि वजनाला तेरा किलोच्या आसपास.

हा तेरा किलोचा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

मी राहतो इंदूरला आणि माझ्याकडे जुनी जिप्सी आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही तीन गाड्या घेऊन स्पितीला निघालो. निघण्यापूर्वी मी जॅक घेतला आणि एका दुकानातून मागच्या दारावर, स्टेपनीच्या पुढ्यात बसवून घेतला. पत्र्याचं एक ब्रॅकेट, त्यातून बाहेर आलेला एकच लांब बोल्ट आणि हाताने फिरवायचा विंगनट. लाल रंगाचा जॅक, काळी स्टेपनी. झकास दिसत होतं, खोटं कशाला बोलू. इंदूर ते मनाली सगळ्या पेट्रोल पंपांवर लोक विचारत होते, हे काय आहे म्हणून.

ग्राम्फूपासून बातलकडे जाणारा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. रस्ता म्हणजे नदीच्या पात्रातले गोटे, मध्ये मध्ये ओहोळ, आणि जिथे बरा आहे तिथे पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा. छत्रूच्या पुढे तासभर गेलो असू. मागून हॉर्नचा आवाज, मग ओरडणं. आरशात पाहिलं तर मागचा मोटारसायकलवाला आडवा पडलेला, आणि त्याच्या पुढे पाच फुटांवर माझा लाल जॅक.

ब्रॅकेट बोल्टच्या भोकापाशीच फाटलं होतं. जॅक सुटून रस्त्यावर पडला, एक उडी खाऊन आडवा झाला. त्या मुलाने ब्रेक दाबला आणि गोट्यांवर घसरला. गुडघा फुटला, तळहात सोलवटले, आणखी काही नाही. तो सरळ जॅकवर गेला असता तर काय झालं असतं याचा विचार मी आजही टाळतो. आम्ही जखम धुतली, पट्टी बांधली, गाडी उभी करून दिली. जाताना तो शांतपणे म्हणाला, "भैया, लोहा बाँधना सीख लो." शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता हे का झालं ते बघू. तेरा किलो वजन उभ्या गाडीत तेरा किलोच असतं. खडबडीत रस्त्यावर मात्र प्रत्येक दणक्याला ते दुप्पट-तिप्पट होऊन बोल्टला ओढतं, लगेच सोडतं, पुन्हा ओढतं. तासाभरात असे हजारो झटके. पत्रा एका झटक्याने तुटत नाही. भोकाच्या काठाला आधी केसाएवढी भेग पडते, मग ती सरकत जाते. त्यात माझा जॅक एकाच ठिकाणी धरलेला होता, त्यामुळे दोन्ही टोकं तराजूच्या दांडीसारखी वर-खाली डोलत होती. त्या डोलण्यानेच ब्रॅकेट फाडलं. दुकानदाराने ब्रॅकेट पातळ दिलं हे खरं. पण ते हलतंय का, हे मी मनालीत, किमान ग्राम्फूला हात लावून बघायला हवं होतं. मी बघितलं नाही.

म्हणून पहिली गोष्ट. जॅक नेहमी दोन ठिकाणी धरलेला हवा, आणि ती दोन ठिकाणं एकमेकांपासून जितकी लांब तितकं चांगलं. पट्टीत भोकं असतातच, त्यांतून बोल्ट आरपार घ्या. नुसत्या पट्ट्याने किंवा दोरीने बांधलेला जॅक हळूहळू सरकतो.

आता जागा. मागचं दार हे सगळ्यांचं पहिलं प्रेम, कारण थार, गुरखा, जिम्नी, जिप्सी, सगळ्यांची स्टेपनी तिथेच. पण त्या दाराच्या बिजागऱ्यांवर आधीच वीस ते तीस किलोचं चाक लटकलेलं असतं. मोठे टायर घातले असतील तर आणखी जास्त. त्यात हा जॅक चाकाच्याही बाहेर, म्हणजे दारापासून फूटभर मागे येतो. वजन जितकं लांब तितका बिजागरीला पीळ जास्त. काही महिन्यांनी दार लावताना किंचित उचलावं लागतंय असं वाटलं, किंवा दाराच्या पत्र्यावर बिजागरीजवळ रंग तडकलेला दिसला, तर ते त्याचंच लक्षण. कायम डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्याचं एक वेळ निभेल. पण मग त्याला हा जॅक हवाच कशाला?

बोनेटवर आडवा जॅक बांधलेले फोटो तुम्ही पाहिले असतील. मला ही जागा अजिबात पटत नाही. बोनेट म्हणजे पत्र्याचं झाकण, ते वजन पेलायला बनवलेलं नसतं. चढावर आधीच पुढचं दिसत नाही, त्यात आणखी एक आडवी दांडी. शिवाय रस्त्यावर पायी जाणारा माणूस गाडीपुढे आला तर तो आपटणार त्या लोखंडावर. आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून गाड्यांपुढच्या बुलबार आणि क्रॅशगार्डवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कारवाई करायला सांगितलं होतं. त्यामागचं कारणही तेच, पायी चालणाऱ्यांना होणारी इजा. बोनेटवरचा जॅक त्यापेक्षा वेगळा कसा? मागे लावणाऱ्यांनीही एवढं बघा की नंबर प्लेट आणि दिवे झाकले जात नाहीत ना.

छतावरचा कॅरिअर ही त्यातल्या त्यात बरी जागा वाटते. चिखल कमी लागतो, दोन काय चार ठिकाणीही बांधता येतो. पण गाडीच्या माहितीपुस्तकात छतावर किती वजन चालेल ते दिलेलं असतं, आणि कॅरिअरचं वजनही त्यातच धरायचं असतं. ते वाचलं की बरेच जण गप्प होतात. दुसरं असं की जॅक लागतो तेव्हा गाडी बहुतेक वेळा तिरकी असते. पाय चिखलात, हात ओले, आणि डोक्याच्या वरून तेरा किलोची दांडी खाली घ्यायची. माझी बायको पाच फूट एक इंच. जॅक जिथून तिला एकटीला काढता येत नाही ती जागा माझ्या दृष्टीने बाद.

बाजूच्या स्लायडरवर, म्हणजे दाराखालच्या नळीवर बांधण्याची पद्धतही आहे. दगड, चिखल आणि पाणी सगळं थेट यंत्रात. ती मी एका वाक्यात सोडतो.

राहिली आतली जागा. माझं मत स्पष्ट आहे, जॅक गाडीच्या आतच हवा. पण तो आत नुसता ठेवला, तर बाहेरच्यापेक्षाही वाईट.

जरा हिशेब करू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. त्या वेगातली गाडी धडकून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे १४ पट जोर येतो. तेरा गुणिले चौदा, म्हणजे १८० किलोच्या वर. सीटमागे मोकळी पडलेली दांडी त्या जोराने पुढे येणार, आणि पुढे आपण बसलेलो. गाडी उलटली तर ती आतल्या आत कुठेही फिरेल. म्हणून आत ठेवायचा तर तीन पथ्यं. खाली, जमिनीलगत. आडवा, म्हणजे गाडीच्या रुंदीत, कारण लांबीत ठेवलेली दांडी भाल्यासारखी पुढे सुटते. आणि बोल्टने गाडीच्या सांगाड्याशी जखडलेला.

माझ्या जिप्सीत तो पुढच्या सीटांच्या मागे, जमिनीवर आडवा आहे. ४८ इंची मी विकला आणि ४२ इंची घेतला, १०७ सेंटिमीटरचा, कारण तो तिथे बसतो. लांबी कमी झाली की उचल कमी होते हे मान्य. गाडीचा सांगाडा वर जातो तेव्हा सुरुवातीची बरीचशी उचल सस्पेन्शन लांबण्यातच जाते, चाक मात्र जमिनीवरच राहतं. त्यावर उपाय असा की उचलण्याआधी एक्सल सांगाड्याला मजबूत पट्ट्याने बांधून घ्यायचा, म्हणजे चाकही सोबत उठतं. तो पट्टा मी जॅकसोबतच ठेवतो.

बोल्ट मारण्याआधी गाडीखाली जाऊन बघा. खरंच जा. वरून भोक पाडताना ड्रिल खाली ब्रेकच्या नळीत, वायरिंगमध्ये किंवा पेट्रोलच्या टाकीत गेल्याचे किस्से प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात. शक्य असेल तर सांगाड्याच्या आडव्या दांडीला पकडा. नुसता जमिनीचा पत्राच मिळत असेल तर खालून तळहाताएवढी तीन मिलिमीटर जाडीची पट्टी लावा, म्हणजे बोल्ट पत्रा फाडून वर येणार नाही. भोकाच्या काठाला आधी रंग, मग सीलंट, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. नव्या गाड्यांत मात्र भोकं पाडायच्या आधी वॉरंटीचे कागद वाचा. त्यांत सामान बांधायच्या कड्या दिलेल्या असतात, त्या किती जोर सोसतात ते बघून त्यांचा वापर करा. सीटबेल्टच्या बोल्टांना हात लावायचा नाही, ते माणसांसाठी आहेत. आणि दाराजवळच्या खांबांत काही ठोकू नका, त्यांत एअरबॅग असू शकते.

कायमच्या जोडांना नायलॉक नट वापरा, म्हणजे आतून नायलॉनची कडी असलेला, थरथरीने ढिला न होणारा. रोज काढायच्या टोकाला हाताने फिरवायची मोठी मूठ चालेल, पण तिच्याखाली स्प्रिंग वायसर आणि वरून एक पिन हवी. नट घट्ट केला की नट आणि बोल्ट दोन्हींवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. पेट्रोलला थांबलात की नजर टाका. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. ही दोन रुपयांची युक्ती मला एका ट्रकच्या मिस्त्रीने शिकवली. बातलच्या रस्त्याआधी शिकवली असती तर बरं झालं असतं.

हँडलचं एक वेगळं दुखणं. ते वरच्या बाजूला स्प्रिंगच्या चापात अडकवलेलं असतं, पण चाप काही दिवसांत सैल पडतो आणि खडखडाट सुरू होतो. नुसता आवाज असता तर चाललं असतं. हँडल सारखं हलत राहिलं तर त्याच्या मुळाशी असलेल्या पिनेचं भोक मोठं होतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन इंच रुंदीचे काप करा आणि पट्टी व हँडल यांच्यावर तीन ठिकाणी चढवा. आवाज बंद. बाजारात यासाठी महागडे पट्टे मिळतात, मी घेतले नाहीत. आणि ठेवताना ती बाजूची कळ नेहमी वर हवी. खाली राहिली आणि जॅक उभा केला, तर वजन नसताना यंत्र धाडकन घसरून बोटांवर येतं.

आता गंज आणि धूळ. हा मुद्दा मला कच्छच्या रणाने शिकवला. जॅक तोपर्यंत आत आला नव्हता. स्पितीनंतर मी तो मागेच ठेवला होता, फक्त चांगल्या जाड ब्रॅकेटवर. रणात वरून कोरडी दिसणारी मिठाची पापडी फुटली आणि जिप्सीचं मागचं चाक खालच्या काळ्या चिखलात गेलं. जॅक काढला, हँडल दाबलं, यंत्र हलेना. दीड वर्षाची धूळ, त्यात ग्रीस, त्यावर पाणी, सगळ्याचा खडू झाला होता. मी चांगल्या हेतूने ग्रीस लावलं होतं आणि तेच नडलं, कारण ग्रीसला धूळ चिकटते. सोबतीच्या गाडीतून डिझेल काढून ओतलं, हातोडीने ठोकत बसलो, तेव्हा पाऊण तासाने पिना सुटल्या.

पण खरी भीती न हलणाऱ्या जॅकची नाही. अर्धवट हलणाऱ्याची आहे. पिन पूर्ण भोकात शिरली नाही आणि नुसती काठावर टेकली, तर वजन आल्यावर ती निसटते. मग गाडी खाली येते आणि हँडल वर उसळतं. त्या हँडलने जबडा फुटू शकतो. म्हणून उचलताना आणि उतरवताना डोकं हँडल आणि पट्टी यांच्यामध्ये कधीही नको. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरणं तर सोडूनच द्या.

देखभाल साधी आहे. दर सहलीनंतर पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, पिना आणि स्प्रिंगवर पातळ तेल किंवा कोरडं राहणारं सिलिकॉन मारा आणि फडक्याने जास्तीचं पुसून टाका. यंत्राला जाड कापडाची पिशवी शिवून घ्या. ताडपत्री शिवणारे शंभर-दोनशेत देतात. पिशवीच्या तळाला दोन भोकं ठेवा, आत पाणी साचायला नको. आणि महिन्यातून एकदा अंगणात जॅक उभा करून पाच-सहा भोकं वर-खाली करा. पिना टक टक असा स्वच्छ आवाज करत आत जायला हव्यात. आवाज बोदा आला तर साफ करायची वेळ झाली.

जॅकसोबत एक फळी ठेवायलाच हवी. जॅकची बैठक चार इंच बाय सात इंच, म्हणजे सुमारे १८० चौरस सेंटिमीटर. तिच्यावर ७०० किलो आले तर दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ चार किलो. वाळूत ती गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली जाते. ३० बाय ४० सेंटिमीटरची जाड प्लायवूडची फळी घातली की तेच वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर येतं. मी फळीवर बैठकीच्या मापाची चौकट ठोकली आहे, म्हणजे जॅक सरकत नाही. फळी जॅकच्या खालीच, त्याच बोल्टांत अडकते. हातमोजे, पट्टा आणि फळी, हे सगळं एकाच ठिकाणाहून निघायला हवं. अंधारात चार कप्पे धुंडाळायचे नाहीत.

बरेच जण विचारतात की आमच्या गाडीवर कसा बसवू. मी उलट विचारतो, गाडीला याचं नाक कुठे टेकवणार? जिप्सीला पोलादी बंपर आहे, तिथे जमतं. नव्या गाड्यांचे बंपर प्लास्टिकचे असतात, त्यावर नाक टेकवलं तर बंपर हातात येईल. सांगाड्याला जोडलेले मजबूत स्लायडर असतील, किंवा थेट चाकाला धरून उचलणारा आकडा असेल, तर ठीक. नसेल तर हे तेरा किलो तुम्ही उगाच वागवताय. सांगाडा वेगळा नसलेल्या शहरी एसयूव्हीला तर हा जॅक नकोच, तिच्यासाठी कंपनीचा जॅक आणि एक चांगली फळी पुरे. कंपनीचा जॅक बाकीच्यांनीही काढून टाकू नका. पंक्चरच्या वेळी तोच बरा.

बाहेर लावलेला जॅक चोरीला जातो का? जातो. माझ्या ओळखीच्या एकाने कुलूप लावलं, ते मिठाच्या हवेत असं गंजलं की शेवटी करवतीने कापावं लागलं. तोही आता जॅक आतच ठेवतो.

काल हा भाग तयार करण्याआधी मी घड्याळ लावून पाहिलं. बायकोला रात्री, अंगणातला दिवा बंद करून, बॅटरीच्या उजेडात जॅक काढायला सांगितलं. मूठ सोडणं, पिन काढणं, जॅक आणि फळी बाहेर घेणं, एक मिनिट चाळीस सेकंद. परत बसवायला तिला तीन मिनिटं लागली, आणि पांढरी रेघ मागच्या नटावर जरा पुसट झाली आहे हेही तिनेच दाखवलं. ती आज दुपारी नव्याने ओढली.